दगडफुलाचे नामकरण : सह्याद्रीतील पर्णरूप शैवाकांची ओळख

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बोरी अरब घ्या की पुण्याची भवानी पेठ घ्या, मसाल्याचे सामान विकणाऱ्या दुकानात दगडफूल मागितले की दुकानदार निमूटपणे पुडी बांधून देतो. मिरची कोणती हवी, हळद कुठली आहे, याची चौकशी होते. दगडफूल कोणते, हे दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. वऱ्हाडी काळा मसाला, नागपूरचा सावजी मसाला आणि पश्चिम महाराष्ट्रातील गोडा मसाला या तिन्हींत पडणारा हा जिन्नस एकच आहे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्या पुडीत बहुधा अनेक जातींचे तुकडे एकत्र असतात. त्यांतील काहींना शास्त्रीय नाव मिळून दोनशे वर्षे झाली, तर काहींचे नाव गेल्या पन्नास वर्षांत दोनदा बदलले.

दगडफूल हे फूल नव्हे, हे अनेकांना ठाऊक असते. ते नेहमी दगडावरच वाढते असेही नाही. बाजारात येणारा माल मोठ्या प्रमाणावर झाडांच्या सालीवरून खरवडलेला असतो. संस्कृत वैद्यकग्रंथांत त्याला शैलेय म्हटले आहे, हिंदीत तो पत्थर का फूल किंवा छरीला होतो, तर तामिळ स्वयंपाकघरात कल्पासी. शास्त्राच्या भाषेत ते लायकेन. मराठीत त्यासाठी शैवाक असा नेमका शब्द घडवला गेला आहे. शैवल आणि कवक या दोन शब्दांच्या जोडणीतून तो तयार झाला आणि त्या सजीवाची सारी हकिगत त्या एका शब्दात आली आहे.

शैवाक म्हणजे कवक (बुरशी) आणि शैवल यांचा संसार. कवकाच्या तंतूंनी विणलेल्या घरात एकपेशीय हिरवे शैवल, किंवा काही ठिकाणी नील-हरित जीवाणू, राहतात. शैवल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते. कवक त्याला आसरा देते, पाणी धरून ठेवते आणि कडक उन्हापासून वाचवते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये ही गोष्ट प्रथम मांडली, तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांनी त्यांची चक्क टर उडवली. एक सजीव म्हणजे खरे तर दोन, हे मान्य करणे जड गेले. दोनावरही गोष्ट थांबत नाही. टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिले, की अनेक शैवाकांच्या वरच्या आवरणात यीस्ट स्वरूपातील आणखी एक कवक वस्तीला असते. इतके भागीदार असले तरी नाव मात्र एकालाच मिळते. आंतरराष्ट्रीय नामकरण नियमांनुसार शैवाकाला दिलेले नाव हे त्यातील मुख्य कवकाचे नाव मानले जाते. शैवलाचे नाव वेगळे असते.

पानासारखे, पण पान नव्हे

बाह्यरूपावरून शैवाकांचे ढोबळमानाने तीन गट पाडतात. पहिला कवचरूप, म्हणजे रंगाचा पोपडा असावा तसा सालीला किंवा खडकाला घट्ट चिकटलेला. दुसरा पर्णरूप, म्हणजे पसरट, पाळ्यापाळ्यांचा, कडा सुट्या असलेला. तिसरा क्षुपरूप, म्हणजे झुडपासारखा किंवा दाढीसारखा लोंबणारा. दगडफूल दुसऱ्या गटातले.

पर्णरूप शैवाकाचा धारदार पात्याने आडवा छेद घेतला तर चार थर दिसतात. वर घट्ट विणीचे आवरण, त्याखाली शैवलाचा हिरवा पट्टा, मग कापसासारख्या सैल पांढऱ्या तंतूंचा गाभा आणि तळाशी बहुधा काळपट असे खालचे आवरण. या खालच्या आवरणातून मुळांसारखे बारीक धागे निघतात. ते अन्न शोषत नाहीत, केवळ पकड घेतात. दगडफुलाचा एक तुकडा हातात घेऊन पाहिला तर वरची राखाडी बाजू आणि खालची काळी बाजू सहज ओळखू येते. खोड, मूळ, शीर, देठ यांतले काहीच नाही. पाणी आत घेण्याचीही यंत्रणा नाही. धुके, दव आणि पाऊस जसा मिळेल तसा सर्वांगाने टिपायचा, आणि हवा कोरडी झाली की सुकून निपचित पडायचे. पुन्हा ओल मिळाली की थोड्याच अवधीत व्यवहार सुरू. हा संयम त्याच्या वाढीतही दिसतो. पर्णरूप शैवाक वर्षाला काही मिलिमीटर, फार तर एखादा सेंटिमीटर वाढते. तळहाताएवढे दगडफूल अनेक पावसाळ्यांची कमाई असते.

साहजिकच ही मंडळी धुक्याच्या आश्रयाला राहतात. बोरी अरबच्या परिसरातील जंगल सागाचे, पानगळीचे. उन्हाळ्यात सागाची पाने गळून गेली, की खोडांवर उन्हाचा सरळ मारा होतो. अशा ठिकाणी कवचरूप शैवाके तग धरतात. पर्णरूपांपैकी फार थोडी चिवट मंडळी टिकतात. पायक्सिनी कोकोस हे त्यांतले एक. मैदानी भारतात आंब्याच्या खोडावर राखाडी, सालीला चिकटलेल्या गोलसर ठिगळासारखे ते दिसते. शहरातील हवेचे प्रदूषण अजमावण्यासाठी त्याचा उपयोगही केला गेला आहे. विदर्भातील माणसाला डौलदार पर्णरूप शैवाके पाहायची असतील तर चिखलदऱ्याच्या बाजूला, गाविलगडच्या डोंगरांत जावे लागते. यवतमाळच्या दुकानातील दगडफूल स्थानिक जंगलातले नसते, त्याचे कारण हेच.

महाराष्ट्रातील त्यांचे खरे माहेर सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण १४०० मीटर उंचीवर आहे. तिथली जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांची बुटकी, वाऱ्याने पिळवटलेली सदाहरित झाडी पावसाळ्याचे चार महिने ढगांत बुडालेली असते. या झाडांच्या फांद्यांवर जागा मिळेल तिथे शैवाके वाढतात. पर्यटक घोडे आणि स्ट्रॉबेरी पाहून परततो. डोक्यावरच्या फांदीवर किती प्रकारचे जीव आहेत याचा त्याला पत्ता नसतो. तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण ते पाहायला भिंग लागते आणि वेळ लागतो.

१९७४ चे नाव, २०१० चे घर

पश्चिम घाटातील या जीवांना नावे देण्याचे काम मुख्यतः पुण्यात झाले. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत कवकांचा अभ्यास सुरू झाला आणि पुढे शैवाकांचाही. संस्थेला १९९२ मध्ये संस्थापकांचे नाव देण्यात आले. (आघारकर संशोधन संस्था ही गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आहे, या दोन नावांनी कित्येक पाहुण्या शास्त्रज्ञांना चकवले असेल.) संस्थेच्या 'अजरेकर कवक संग्रहालया'त वाळवलेले नमुने कागदी पाकिटांत जपले आहेत. डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. ऊर्मिला मखिजा आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकापासून सह्याद्रीतील शैवाकांच्या कित्येक जातींचे प्रथम वर्णन केले. त्याच काळात लखनौ विद्यापीठात डॉ. धरणीधर अवस्थी (१९२२-२०११) हे हिमालयापासून निलगिरीपर्यंतची शैवाके अभ्यासत होते. भारत आणि नेपाळमधील मोठ्या शैवाकांची ओळख पटवणारी त्यांची १९८८ ची सूची आजही प्रत्येक अभ्यासकाच्या टेबलावर असते.

या परंपरेतील एका पर्णरूप शैवाकाची गोष्ट पाहण्यासारखी आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील मेसन हेल आणि पुण्याचे पटवर्धन यांनी १९७४ मध्ये भारतातील एका पर्णरूप शैवाकाला 'हायपोट्रॅकिना अवस्थी' असे नाव देऊन ते शास्त्राला नवे असल्याचे जाहीर केले. नावातील 'अवस्थी' अर्थातच लखनौचे.

त्यापूर्वी दगडफुलासारखी दिसणारी जवळजवळ सारी शैवाके 'पार्मेलिया' या एकाच अवाढव्य प्रजातीत कोंबलेली होती. येथे एक खुलासा करायला हवा. वृत्तपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सरसकट वापरला जातो; या लेखात मात्र विश्वकोशाच्या रूढीप्रमाणे 'जाती' म्हणजे नेमका एक प्रकार आणि 'प्रजाती' म्हणजे जवळच्या नात्यातील जातींचे घराणे. हेल यांनी पाळ्यांची रुंदी, खालच्या बाजूच्या धाग्यांची शाखा फुटण्याची पद्धत, कडेला केस आहेत की नाहीत, आवरणाची रचना अशा लक्षणांवरून पार्मेलियाची वाटणी केली. ज्यांचे धागे पुन्हा पुन्हा दुभंगत जातात अशांचा गट म्हणजे हायपोट्रॅकिना. नवी जाती तिथे बसली आणि पस्तीस-छत्तीस वर्षे तिथेच राहिली.

मग डीएनए आला. लखनौच्या परंपरेत तयार झालेले आणि पुढे माद्रिदला संशोधन करणारे डॉ. प्रदीप दिवाकर, त्यांच्या सहकारी आना क्रेस्पो, शिकागोचे थॉर्स्टन लुम्ब्श आणि इतरांनी हायपोट्रॅकिनाच्या जातींची जनुकीय वंशावळ मांडली. त्यात आशियाई उष्ण कटिबंधातील काही जातींचा एक वेगळाच गट दिसून आला. पाळ्या रुंद आणि आखूड, खालचे धागे दाट. दिसायला हायपोट्रॅकिनासारख्याच, पण नात्याने दूरच्या. २०१० मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनी'त या गटासाठी 'रेमोटोट्रॅकिना' ही नवी प्रजाती स्थापन झाली आणि आपले शैवाक 'रेमोटोट्रॅकिना अवस्थी' झाले. घर बदलले, पण जातीचे नाव तेच राहिले, आणि कंसात हेल व पटवर्धन यांचा मानही कायम राहिला. नियमच तसा आहे.

त्या संशोधनाचा याहून मोलाचा निष्कर्ष असा, की या घराण्याचा उगम भारतीय उपखंडात झाला आणि येथून ते इतर खंडांत पसरले. आपल्याकडील वनस्पती आणि प्राणी कुठून आले याची चर्चा आपण नेहमी करतो. येथून काय गेले याची फारशी करत नाही. मूळ भूमी कोणती हे ठरवता आले, कारण येथील जाती कोणीतरी आधी गोळा करून, नाव देऊन, पाकिटात ठेवल्या होत्या. नाव नसलेल्या तुकड्याला वंशावळीत जागा देता येत नाही.

'नवी' जाती ठरते कशी?

वर्तमानपत्रातील 'नव्या जातीचा शोध' या बातमीने असे वाटते, की कोणी जंगलात गेला आणि त्याला काही अद्‌भुत दिसले. शैवाकांच्या बाबतीत तसे क्वचितच घडते. जंगलात एक राखाडी तुकडा सापडतो; तो इतर पन्नास राखाडी तुकड्यांसारखाच असतो. चाकूने सालीच्या पातळ पापुद्र्यासह तो काढतात, कागदी पाकिटात ठेवतात (प्लास्टिकमध्ये ठेवला तर बुरशी लागते, आणि बुरशीला बुरशी लागलेली कोणाला नको असते), त्यावर ठिकाण, उंची, झाडाचे नाव, तारीख लिहितात. नवेपण ठरते ते प्रयोगशाळेत, आणि तेही पुष्कळदा बऱ्याच वर्षांनी. जीवशास्त्रातील नमुना प्रथम गोळा होणे आणि त्याला नवी जाती म्हणून नाव मिळणे यांत सरासरी एकवीस वर्षे जातात, असे २०१२ मध्ये फ्रेंच अभ्यासकांनी दाखवले होते. तो हिशोब सर्व सजीवांचा आहे.

प्रथम आकार तपासायचा. पाळ्या किती रुंद, कडेला काळे केस आहेत का, वरच्या बाजूवर जाळीसारख्या भेगा आहेत का. मग प्रजननाची रीत. काही शैवाकांच्या पृष्ठावर तपकिरी चषक येतात आणि त्यांत कवकाची बीजुके तयार होतात. पण बीजुकातून एकटे कवक जन्मते. त्याला आपला शैवल-सोबती नव्याने शोधावा लागतो. ही जोखीम टाळण्यासाठी बरीच शैवाके दुसरा मार्ग घेतात. कवकतंतू आणि शैवल यांची मिळून बनलेली भुकटी कडेवर तयार करायची आणि वाऱ्यावर सोडायची, किंवा पृष्ठावर बारीक दांडे उगवायचे, जे मोडून पडले की नवे शैवाक. भुकटीला सोरेडिया म्हणतात, दांड्यांना इसिडिया. दोन तुकडे अन्यथा एकसारखे, पण एकावर भुकटी आणि दुसऱ्यावर दांडे असतील तर ते बहुतेक वेळा वेगळ्या जातींचे.

त्यानंतर रसायन. शैवाके अशी आम्ले तयार करतात जी इतर सजीवांत क्वचितच आढळतात, आणि त्यांची यादी हीच पुष्कळदा जातीची ओळख ठरते. फिनलंडचे विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये कॉस्टिक पोटॅश आणि विरंजक द्रावण यांचे थेंब टाकून रंग बदलतो का, हे पाहण्याची रीत काढली. (याच गृहस्थांनी त्याच वर्षी पॅरिसमध्ये एक निरीक्षण नोंदवले होते. शहरात इतरत्र नाहीशी झालेली शैवाके लक्झेंबर्ग उद्यानात अजून टिकून आहेत, आणि हा हवेच्या शुद्धतेचा पुरावा आहे. प्रदूषण मोजण्यासाठी शैवाकांचा उपयोग तिथून सुरू झाला.) विसाव्या शतकात थेंबाच्या जोडीला कागद आणि काचेवरील वर्णलेखन आले, त्यानंतर जनुकीय क्रम. आता काम सोपे झाले असेल असे वाटेल. उलट वाढले. आधी आकार पाहून एक म्हटलेल्या जाती जनुकांनी फोडल्या आणि वेगळ्या म्हटलेल्या काही एकत्र केल्या.

एवढे झाल्यावर तुलना. जुन्या नावांचे मूळ नमुने हेलसिंकी, जिनिव्हा, लंडन, वॉशिंग्टन येथील संग्रहालयांत आहेत; एकोणिसाव्या शतकात भारतातून गेलेला माल तिकडेच राहिला. पुण्यातील अभ्यासकाला 'हे नवे' म्हणण्याआधी 'हे तिकडे कुठल्या पाकिटात नाही ना' याची खात्री करावी लागते. टपालाने नमुने उसने मागवायचे, महिने वाट पाहायची, असा तो व्यवहार होता. आता छायाचित्रांनी तो थोडा हलका झाला आहे. शेवटी एक नमुना निवडून तो 'आदर्श नमुना' म्हणून सार्वजनिक संग्रहालयात ठेवतात. नाव कायमचे त्या एका तुकड्याला बांधलेले असते. २०१२ पर्यंत वर्णन लॅटिनमध्ये लिहिणे बंधनकारक होते, आता इंग्रजीही चालते. २०१३ पासून कवकांच्या, म्हणून शैवाकांच्याही, नव्या नावाला मान्यताप्राप्त नोंदवहीतील क्रमांक लागतो.

२०२५ मध्ये आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातून जाहीर केलेली 'अ‍ॅलोग्राफा इफ्यूसोसोरेडिका' ही जाती या सर्व पायऱ्यांचे ताजे उदाहरण आहे. ती पर्णरूप नव्हे, कवचरूप. सालीवर पांढरट लेप आणि त्यावर पसरलेली भुकटी. नॉरस्टिक्टिक आम्ल, हे तिच्या रसायनाचे वेगळेपण. भारतातून नोंदलेली या प्रजातीची ती ५३ वी आणि पश्चिम घाटातील २२ वी जाती. दिसायला ती दुसऱ्याच, ग्राफिस प्रजातीतील एका जातीसारखी आहे. जनुकांनी तिचे खरे घराणे सांगितले. तिच्यातील शैवल-सोबत्याचाही जनुकीय क्रम तपासला गेला, जे पूर्वीच्या वर्णनांत होत नसे.

एका नावाखाली किती?

या खटाटोपाचे फळ काय, याचा सर्वांत थक्क करणारा दाखला अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील पर्वतांतून मिळाला. कोलंबिया, इक्वेडोर, कोस्टारिका येथील उंच डोंगरी जंगलांत आणि त्यावरील गवताळ माथ्यांवर पंख्याच्या आकाराचे, राखाडी-हिरवे असे एक पर्णरूप शैवाक वाढते. दीर्घकाळ ते एकच जाती मानले जाई. रॉबर्ट ल्युकिंग आणि सहकाऱ्यांनी त्याच्या शेकडो नमुन्यांचे जनुकीय क्रम तपासले आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात लिहिले, की या एका नावाखाली १२६ जाती लपलेल्या आहेत. एकूण आकडा चारशेच्या वर जाण्याचा त्यांचा अंदाज होता. पुढे त्यांपैकी 'कोरा' या प्रजातीतील ७० नव्या जातींची वर्णने एकाच लेखात प्रसिद्ध झाली. त्याआधी २०११ मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन एका लेखात शैवाकांच्या १०० नव्या जाती जाहीर केल्या होत्या. जगात आजवर सुमारे वीस हजार शैवाके नोंदली गेली आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या २०१० च्या सूचीत भारतातील २,३०३ जाती होत्या, आणि त्यानंतर त्यांत भर पडतच गेली आहे.

एकाच डोंगररांगेत एका जातीच्या शंभर जाती निघतात याचा अर्थ असा, की त्यांतील प्रत्येकीचा मुलूख छोटा असतो. एखाद्या शिखराभोवतीची, एखाद्या खोऱ्यातली. सर्वदूर पसरलेले एक शैवाक म्हटले की त्याची काळजी वाटत नाही; एका दरीपुरत्या जातीचे तसे नाही. सह्याद्रीतील सामान्य समजल्या जाणाऱ्या शैवाकांची अशी कसून तपासणी अजून थोड्यांचीच झाली आहे. पश्चिम घाटातील ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही महाराष्ट्रातील चार आहेत. महाबळेश्वरच्या माथ्याचे नाव त्यात नाही.

पुडीतले गाठोडे

आता पुन्हा दगडफुलाकडे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पतिशास्त्र संशोधन संस्थेतील डॉ. डी. के. उप्रेती, प्रदीप दिवाकर आणि संजीव नायक यांनी २००५ मध्ये भारतातील शैवाकांच्या व्यापारी आणि पारंपरिक उपयोगांचा आढावा प्रसिद्ध केला. बाजारात एका नावाने विकला जाणारा माल अनेक जातींची मिसळण असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. त्यात पार्मोट्रेमाच्या रुंद पाळ्या असतात, हिमालयातील अरुंद पट्ट्यांची एव्हर्निअ‍ॅस्ट्रम असते, आणि मधून मधून रामालिना किंवा दाढीसारखी अस्निआही सापडते. मसाल्याखेरीज हा माल कनौजच्या अत्तरांत जातो, हवनसामग्रीत जातो आणि औषधांत जातो. उत्तराखंडात तो 'झूला' या नावाने ओळखला जातो.

गोळा करणारा माणूस जाती पाहून खरवडत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करणेही बरोबर नाही. त्याला किलोमागे दर मिळतो. फांदीवर जे सुटे, मोठे आणि हाताला येणारे असेल ते गोणीत जाते. त्यात सर्वत्र आढळणाऱ्या जातीसोबत दुर्मीळ जातीही गेली, तर वजनात फरक पडत नाही. वर्षाला काही मिलिमीटर वाढणाऱ्या जीवाला पुन्हा तेवढे होण्यास बराच काळ लागतो; आणि ज्या फांदीवर ते वाढते ते झाडच तोडले गेले तर प्रश्नच मिटला. दुसरीकडे नावे देणारी माणसेही कमी होत आहेत. शैवाकांचे वर्गीकरण करू शकणारे अभ्यासक देशभरात मोजकेच आहेत आणि हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. नमुने हाताळत, एका पिढीकडून दुसरीकडे ते जाते. पुणे आणि लखनौ येथे ही साखळी टिकली, म्हणून वर सांगितलेली नावे आपल्याकडे आहेत.

ज्यांना आपल्या पुडीत काय आहे हे पाहायचे असेल, त्यांच्यासाठी तीन सामान्य पार्मोट्रेमांच्या खुणा देतो. कडेवर पांढरी भुकटी आणि काळे केस असतील तर ते बहुधा पार्मोट्रेमा पर्लाटम, मसाल्यातील सर्वांत नावाजलेले. वरच्या बाजूस भिंगातून जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या तर पार्मोट्रेमा रेटिक्युलाटम. पृष्ठावर भुकटीऐवजी खरखरीत दाणेदार दांडे असतील आणि पाळ्या खूप रुंद असतील तर पार्मोट्रेमा टिंक्टोरम असू शकते. त्याची खात्री घरातही करता येते. ब्लेडने वरचे आवरण हलकेच खरवडून पांढरा गाभा उघडा करावा आणि त्यावर कपडे शुभ्र करण्याच्या ताज्या विरंजक द्रावणाचा एक थेंब काडीने टेकवावा. टिंक्टोरमचा गाभा क्षणात लालभडक होतो. त्यातील लेकॅनोरिक आम्लाची ही प्रतिक्रिया आहे. पर्लाटम आणि रेटिक्युलाटम यांचा गाभा पांढराच राहतो. ही दोन ओळखायला कॉस्टिक पोटॅश लागते. त्याने पर्लाटमचा गाभा पिवळा होऊन नारिंगीकडे झुकतो, रेटिक्युलाटमचा पिवळा होऊन रक्तासारखा लाल होतो. पण कॉस्टिक पोटॅश कातडी जाळते, तेव्हा तो प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच करावा. थेंब टाकलेले तुकडे अर्थातच मसाल्यात परत घालू नयेत.